‘भटकंती’ आणि ‘भटके’ : मुखेडच्या वाटेवरून मराठी प्रवासवर्णनाचा विचार

१

‘भटकणे’ या एकाच क्रियापदापासून मराठीत दोन शब्द आले आणि दोन वेगळ्या वस्त्यांत जाऊन राहिले. ‘भटकंती’ हा शब्द नियतकालिकांच्या सदरांना, गिरिभ्रमण करणाऱ्या मंडळांना आणि रविवारच्या पुरवण्यांना मानवला आहे. त्यात सवड, हौस आणि थोडी ऐट सूचित होते. ‘भटक्या’ हा शब्द शासकीय सूचीत व जातीच्या दाखल्यावर आढळतो. त्यात दारिद्र्य सूचित होते, आणि बहुधा संशयही. क्रिया एकच असता कर्त्याच्या आर्थिक स्थितीनुसार तिचे मूल्य पालटते, ही भाषावैज्ञानिक दृष्ट्या एक साधी अर्थभेदाची घटना आहे. परंतु ती शब्दकोशापुरती राहत नाही. प्रवासवर्णन कशाला म्हणावे, पर्यटनस्थळ कशाला म्हणावे आणि रस्ता कोणासाठी बांधावा, या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी हाच भेद असल्याचे दाखविता येते. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला असून त्यासाठी मुखेड तालुक्याचे उदाहरण घेतले आहे.

मुखेड हा नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण भागातील, बालाघाटच्या डोंगररांगांतील तालुका. बरीचशी जमीन हलकी, शेती पावसावर अवलंबून, वाड्या व तांडे पुष्कळ. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात. काही कुटुंबे वीटभट्ट्यांवर, काही हैदराबादेत इमारतींच्या कामावर जातात. त्याच मुखेडात दशरथेश्वराचे प्राचीन शिवमंदिर आहे. त्याच्या बाह्यभिंतीवरील मातृकांच्या मूर्ती पाहण्यासाठी अभ्यासक आणि हौशी प्रवासी येतात. देगलूर तालुक्यातील होट्टलची मंदिरे व कंधारचा किल्ला ही स्थळेही त्यांच्या टिपणात असतात. येणाऱ्याचा आणि जाणाऱ्याचा रस्ता एकच आहे. तथापि मराठी भाषा त्या दोघांना एका नावाने ओळखत नाही. येणारा पर्यटक असतो, जाणारा स्थलांतरित मजूर.

२

हा भेद शब्दांच्या व्युत्पत्तीतून आलेला नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ‘प्रवास’ या संस्कृत शब्दात ‘वस्’ म्हणजे राहणे हा धातू आहे. घरापासून दूर जाऊन राहणे हा त्याचा मूळ अर्थ. ‘पर्यटन’ या शब्दात ‘अट्’ म्हणजे हिंडणे हा धातू आहे. सभोवार हिंडणे, म्हणजे जवळजवळ भटकणेच, हा त्याचा अर्थ. ‘यात्रा’ हा शब्द ‘या’ म्हणजे जाणे या धातूपासून आला. परंतु संस्कृतात तो निर्वाहाच्या अर्थानेही रूढ होता. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील ‘शरीरयात्रा’ हा शब्द देहाच्या निर्वाहासंबंधीच आहे. म्हणजे केवळ व्युत्पत्तीचा कौल घेतला, तर सहा महिने परमुलखात जाऊन राहणारा ऊसतोड कामगार हाच खरा प्रवासी ठरतो. चार दिवस चार ठिकाणी हिंडून येणारा पर्यटक हा भटक्या ठरतो. आणि पोटासाठी बाहेर पडणे ही यात्रा ठरते. रूढीने हा क्रम नेमका उलटा केला आहे.

ही रूढी आजची नाही. महानुभावांच्या गद्यात श्रीचक्रधरांच्या जाण्यासाठी ‘बीजें करणे’ हा आदरार्थी प्रयोग येतो. इतर माणसे नुसतीच जातात. गतिवाचक क्रियापदांना दर्जा लावण्याची प्रवृत्ती मराठी गद्याच्या आरंभापासूनच दिसते ती अशी. मात्र त्याच परंपरेने ‘स्थानपोथी’ नावाचा एक विलक्षण ग्रंथ दिला. चक्रधरांनी जेथे जेथे मुक्काम केला, ती ती स्थाने, त्यांच्या दिशा, दारे व खुणा यांची ती नोंद आहे. तेथे स्थळाचे महत्त्व त्याच्या सौंदर्यावरून ठरत नाही. कोणी तेथे राहिले होते, यावरून ते ठरते. या दृष्टीचा उपयोग लेखाच्या अखेरीस करावयाचा आहे.

मुखेड परिसराच्या बोलीकडे वळले असता आणखी काही शब्द हाती लागतात. दुष्काळात वा हंगामात गाव सोडून जाण्याला मराठवाड्यात ‘जगायला जाणे’ असे म्हणतात. या वाक्प्रयोगात गन्तव्यस्थान नाही. कोठे गेले, या प्रश्नाला ‘जगायला गेले’ हेच उत्तर पुरे होते, कारण हेतूने स्थळाची जागा घेतलेली असते. ऊसतोडीच्या व्यवहारात पती-पत्नींच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि एकट्या मजुराला ‘अर्धा कोयता’. येथे माणसाची गणना हत्यारावरून होते. मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या रकमेला ‘उचल’ म्हणतात. ती फिटेपर्यंत परत येण्याचा दिवस मजुराच्या हाती नसतो. ज्या पाचटाच्या खोपट्यात हंगाम काढावयाचा, ती ‘कोपी’. कोयता, उचल, कोपी हे तीन शब्द म्हणजे एका प्रवासाचे वाहन-तिकीट, खर्च आणि निवासस्थान होत. परंतु प्रवासासंबंधीच्या मराठी शब्दसंग्रहात त्यांची नोंद कोणी करत नाही.

३

साहित्यसमीक्षेने प्रवासवर्णनाची जी कल्पना रूढ केली, तिच्यात तीन गोष्टी सामान्यतः गृहीत असतात. प्रवास स्वेच्छेने केलेला असावा, प्रवाशाला अपरिचिताविषयी कुतूहल असावे, आणि वर्णनातून लेखकाचे व्यक्तित्व प्रकट व्हावे. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०), गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ (१९५९), पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) ही पुस्तके समोर ठेवली, तर ही कल्पना स्वाभाविक वाटते. या ग्रंथांची वाङ्मयीन योग्यता वादातीत आहे. प्रश्न एवढाच, की त्यांच्यावरून बनविलेला निकष सर्व प्रवासलेखनाला लागू पडतो काय?

या निकषाची पहिली अडचण मराठी प्रवासवर्णनाच्या उगमापाशीच उभी राहते. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा या प्रकारातील मानाचा ग्रंथ. वरसईचा हा भिक्षुक ब्राह्मण १८५७ साली उत्तरेकडे निघाला, तो निसर्गशोभा पाहण्यासाठी निघाला नव्हता. घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल, अशी वार्ता होती. वाटेत बंडाची धामधूम झाली, झाशीचा वेढा व लूट त्याने प्रत्यक्ष पाहिली, मिळवलेले द्रव्य गमावले आणि अखेर तो गंगेची कावड घेऊन घरी परतला. ही हकीकत त्याने पुढे चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून लिहून काढली. वैद्यांनी ती आपले संस्कार करून १९०७ साली प्रसिद्ध केली. मूळ संहिता दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाने १९६६ साली वाचकांसमोर आली.

आता या प्रवासाला कोणत्या नावाने ओळखावे? कर्जाने गांजलेला एक माणूस मिळकतीसाठी शेकडो कोस चालत गेला. मुखेडच्या बोलीत याला ‘जगायला जाणे’ म्हणतात. स्वेच्छेचा निकष काटेकोरपणे लावला, तर ‘माझा प्रवास’ प्रवासवर्णनाच्या बाहेर पडतो. तो पडत नाही आणि पडू नये, याविषयी दुमत होणार नाही. मग निष्कर्ष असा निघतो, की गरजेपोटी केलेला प्रवास हा प्रवासवर्णनाला वर्ज्य नाही. निरीक्षणाला सवडच लागते हेही खरे नाही. गोडसेभटजींची दृष्टी भीतीने, भुकेने आणि घरच्या ओढीने अधिकच तीक्ष्ण झाली आहे.

तथापि गोडसेभटजींना आधाराला काय होते, हेही पाहिले पाहिजे. धर्मशाळा, अन्नछत्रे, नदीचे घाट, ओळखीच्या आश्रयदात्यांची घरे आणि वेदविद्येला मिळणारी दक्षिणा, ही त्या काळातील प्रवासाची सामग्री होती. आजच्या परिभाषेत यालाच पायाभूत सुविधा म्हणावे लागेल. ही सामग्री सर्वांना सारखी खुली नव्हती. तिचे दार जातीने उघडे वा बंद होत होते. गोडसेभटजी निर्धन होते, परंतु वाट त्यांना परकी नव्हती. म्हणून प्रवासवर्णन वाचताना प्रवाशाच्या मनोवृत्तीइतकेच त्याच्या मुक्कामाकडेही लक्ष दिले पाहिजे. रात्र कोणाच्या छपराखाली गेली, पाणी कोणाच्या विहिरीचे मिळाले आणि परतण्याचा दिवस कोणी ठरविला, हे तीन प्रश्न कोणत्याही प्रवासलेखनाला विचारता येतात. त्यांच्या उत्तरांतून लेखकाच्या शैलीखालचा समाज दिसू लागतो.

४

हे तीन प्रश्न हाती घेऊन लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) वाचावे. कैकाडी कुटुंबाचे बिऱ्हाड गाढवांच्या पाठीवर लादून एका गावाहून दुसऱ्या गावाला जाते. मुक्काम गावाबाहेर पडतो. पाणी व परवानगी दोन्ही मागून घ्यावी लागतात. या ग्रंथात जितका प्रवास आहे, तितका पुष्कळशा नामांकित प्रवासवर्णनांत नाही. वाटांची, वस्त्यांची, बाजारांची आणि माणसांच्या स्वभावांची त्यातील माहिती तर प्रत्यक्ष पायांनी मिळविलेली आहे. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) हे लातूरजवळच्या धनेगावचे आत्मकथन. ज्या जमातींवर कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्यांच्यापैकी एका कुटुंबाची ती कथा आहे. १८७१ चा गुन्हेगार जमातींविषयीचा कायदा १९५२ साली रद्द झाला. परंतु हजेरी आणि संशय यांची सावली त्या वाटांवरून एकाएकी हटली नाही.

या दोन्ही ग्रंथांना साहित्य अकादमीचे पुरस्कार लाभले. समीक्षेने त्यांची उपेक्षा केली, असे मुळीच म्हणता येणार नाही. मात्र त्यांचा विचार आत्मकथन या एकाच सदराखाली झाला. हे वर्गीकरण चुकीचे नाही, पण अपुरे आहे. त्याचा परिणाम असा, की पर्यटकाने लिहिले म्हणजे त्याने जग पाहिले आणि भटक्याने लिहिले म्हणजे त्याने स्वतःचे दुःख सांगितले, असा एक अलिखित विभाग पडला. एकाला द्रष्ट्याचे स्थान मिळाले, दुसऱ्याला साक्षीदाराचे. ‘उपरा’मध्ये गावे कशी दिसतात, हा प्रश्न त्यामुळे फारसा विचारलाच गेला नाही. गावाबाहेरून गाव कसे दिसते, हे सांगणारा प्रवासी मराठीत आहे. त्याला प्रवासी म्हणण्याची सवय मात्र नाही.

याच्या जवळ जाणारे एक उदाहरण इरावती कर्वे यांचे. ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहातील ‘वाटचाल’ या लेखात पंढरीच्या वारीचे वर्णन आहे. लेखिका स्वेच्छेने चालत आहे, तिला कुतूहल आहे, तिचे व्यक्तित्वही उमटले आहे. म्हणजे वर सांगितलेले तिन्ही निकष पुरे होतात. परंतु एका वाटेने, एका देवाकडे निघालेल्या दिंड्या जेवणाच्या वेळी जातीजातीने वेगळ्या बसतात, हे तिच्या नजरेने टिपले आणि तिला त्याची बोच लागली. मुक्कामाकडे पाहिल्याने वर्णनाचे रसिकत्व उणावत नाही, उलट त्याला खोली येते, हे या लेखावरून सिद्ध होते.

५

आता येणाऱ्याच्या बाजूने पाहू. मराठवाड्यातील प्राचीन स्थळांविषयी जे माहितीपर लेखन होते, त्याची भाषा तपासली असता दोन-तीन गोष्टी वारंवार दिसतात. पहिली गोष्ट ‘हेमाडपंती’ या विशेषणाची. दगडी बांधणीचे कोणतेही जुने मंदिर दिसले, की हे विशेषण लागते. हेमाद्री हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील यादवांचा मंत्री. मुखेडचे दशरथेश्वर मंदिर वा होट्टलचे सिद्धेश्वर मंदिर ही कल्याणीच्या चालुक्यांच्या परंपरेतील, त्याच्या आधीची निर्मिती आहे. ‘हेमाडपंती’ म्हटल्याने केवळ शंभर-दीडशे वर्षांचा घोटाळा होत नाही. या भूभागाचा कल्याणीशी, कन्नड भाषेशी आणि तेथील राजमार्गांशी असलेला संबंध नजरेआड होतो.

दुसरी गोष्ट ‘दुर्गम’, ‘सीमावर्ती’, ‘उपेक्षित’ या विशेषणांची. हे शब्द स्थळाचा गुण सांगतात असे वाटते. वस्तुतः ते बोलणाऱ्याचे स्थान सांगतात. चालुक्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, मुखेडपासून फार दूर नाही. पंधराव्या शतकात बहमनींची राजधानी बिदरला आली, तेव्हाही हा प्रदेश राजधानीच्या सावलीत होता. निजामी अमदानीत त्याचे तोंड हैदराबादेकडे होते. १९३२ सालापासून निजामाच्या रेल्वेखात्याने मोटारसेवाही सुरू केली, तीही हैदराबादेच्या सोयीने. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातील निजामी सत्ता संपुष्टात आली. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. भाषेच्या दृष्टीने हे स्वगृही येणे होते. अंतराच्या दृष्टीने मात्र राजधानी दूर गेली. मुखेड हलले नाही. ‘दूर’ या शब्दाचा आरंभबिंदू हलला. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला मुखेड दुर्गम वाटत नाही, त्याला ज्या कारखान्यावर जायचे तो दूर वाटतो. स्थलवर्णनाच्या भाषेत त्याचा हा बिंदू कोठेच नसतो.

तिसरी गोष्ट माणसांच्या अनुपस्थितीची. मंदिराच्या मूर्तींचे वर्णन तपशिलाने येते. मंदिराभोवतीच्या वस्तीविषयी मात्र एखादे वाक्य असते, आणि तेही बहुधा अस्वच्छतेची तक्रार करणारे. ही प्रवृत्ती केवळ मराठी नव्हे. कॅरिबियन समुद्रातील अँटिग्वा बेटाची लेखिका जमैका किंकेड हिने ‘अ स्मॉल प्लेस’ (१९८८) या छोट्या पुस्तकात पर्यटकाच्या नजरेचीच चिकित्सा केली आहे. तिचा मुद्दा थोडक्यात असा, की आपल्या रोजच्या जिण्यातून बाहेर पडावेसे प्रत्येकालाच वाटते. परंतु जगातील बहुसंख्य माणसांना तेवढे पैसे नसतात आणि म्हणून ती इतरांच्या सहलीचा देखावा बनतात. १९७४ च्या भूकंपात मोडलेले आणि दुरुस्तीच्या प्रतीक्षेत पडून राहिलेले बेटावरील ग्रंथालय हे तिच्या पुस्तकातील मध्यवर्ती चित्र आहे. पर्यटकाला ते पडके ग्रंथालय मौजेचे वाटू शकते. तेथे वाचावयास जाणाऱ्या मुलाला ते तसे वाटत नाही.

किंकेडचा युक्तिवाद मुखेडला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. अँटिग्वाचे अर्थकारण पर्यटनावर उभे आहे, मुखेडला येणारे पाहुणे थोडे. होट्टल येथे अलीकडे जिल्हा प्रशासनाच्या पुढाकाराने महोत्सव भरविला जातो आणि त्यामुळे दुर्लक्षित वास्तूंकडे लक्ष वेधले गेले, हे स्वागतार्हच आहे. परंतु इतके मात्र म्हणता येईल, की एखादे स्थळ ‘आकर्षक’ ठरते तेव्हा ते कोणाला आकर्षक ठरले, हा प्रश्न विचारला पाहिजे. ज्याला ते गाव दरवर्षी सोडून जावे लागते, त्याच्या दृष्टीने त्या गावाचे आकर्षण म्हणजे परतीची ओढ होय. तिला पर्यटनाच्या भाषेत नाव नाही.

६

रस्ता कोणासाठी बांधावा, या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर विकासाची भाषा देते. या भाषेतील मराठवाड्यापुरता सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘अनुशेष’ हा आहे. प्रादेशिक असमतोलाचा विचार करण्यासाठी १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि १९८४ साली तिचा अहवाल आला. राज्याच्या सरासरीपेक्षा एखादा जिल्हा रस्ते, सिंचन, शिक्षण इत्यादी क्षेत्रांत जितका मागे, तितका त्याचा अनुशेष, अशी ही पद्धत होती. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा ठरला. त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटींचा, म्हणजे जवळजवळ साडेतेवीस टक्के होता. पुढे राज्यघटनेच्या ३७१ (२) या अनुच्छेदानुसार १९९४ साली वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. मध्यंतरी, २०१३ साली, विजय केळकर समितीने अनुशेषाच्या हिशेबापलीकडे जाऊन संतुलित प्रादेशिक विकासाचा विचार मांडला.

दांडेकर समितीचे कार्य मोठे आहे. भावनेच्या भरात बोलल्या जाणाऱ्या अन्यायाला तिने मोजमाप दिले. टीका करावयाची ती शब्दाच्या पुढील प्रवासावर. ‘अनुशेष’ म्हणजे मागे उरलेले. या नामाला कर्ता नाही. कोणी द्यावयाचे राहिले आणि कोणाला मिळावयाचे राहिले, हे त्या शब्दातून कळत नाही. त्याच्या शेजारी ‘उचल’ हा शब्द ठेवून पाहावा. उचल कोणी दिली, कोणी घेतली, किती फिटली, हे मुकादमाला व मजुराला तोंडपाठ असते. एका प्रदेशाचे येणे हिशेबाच्या भाषेत निराकार होते आणि एका मजुराचे देणे नावानिशी त्याच्या डोक्यावर बसते. जिल्हा हे एकक धरल्याने आणखी एक गोष्ट झाली. सरासरीत नांदेड शहर आणि मुखेडचा तांडा एकाच रकान्यात आले.

नांदेड शहराचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. गुरू गोविंदसिंगजींचे देहावसान १७०८ साली येथे झाले आणि गुरू ग्रंथसाहिबाला गुरुपद प्राप्त झाले. या घटनेच्या त्रिशताब्दीचा सोहळा २००८ साली झाला. त्या निमित्ताने, तसेच राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण योजनेत शहराचा समावेश झाल्यामुळे, रस्ते, पूल, घाट व विमानतळ यांची मोठी कामे झाली. त्यांचा लाभ नांदेडच्या नागरिकांनाही झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र यातून सुविधांचा एक क्रम स्पष्ट होतो. येणाऱ्यांची संख्या व प्रतिष्ठा मोठी असेल, तेथे रस्ता लवकर होतो. जाणाऱ्यांची संख्या कितीही मोठी असली, तरी ती रस्त्याचे कारण ठरत नाही. अलीकडे पवनार ते पत्रादेवी असा सुमारे ८०० किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग आखण्यात आला. नांदेड जिल्ह्याचाही त्या आखणीत समावेश झाला. तीर्थस्थळे जोडणे हे त्याचे जाहीर प्रयोजन. अनेक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी जमिनी देण्यास विरोध केला, तेव्हा वाद मोबदल्याचा म्हणून मांडला गेला. त्याच्या मुळाशी हाही प्रश्न होता, की ज्याच्या शेतातून हा मार्ग जाणार, तो त्या मार्गाचा प्रवासी आहे काय?

रस्ता नव्हे पण त्याच जातीची दुसरी पायाभूत सुविधा मुखेड तालुक्यातच आहे. गोणेगावजवळचा लेंडी प्रकल्प हा महाराष्ट्र आणि तत्कालीन आंध्र प्रदेश यांचा संयुक्त प्रकल्प. त्याचा आरंभ १९८० च्या दशकातला. दुसरे भागीदार राज्य आता तेलंगणा आहे. प्रकल्प रेंगाळला, तसे बुडीत क्षेत्रातील गावांचे पुनर्वसनही रेंगाळले. १७-१८ ऑगस्ट २०२५ च्या रात्री तालुक्यात अतिवृष्टी झाली. हसनाळ, रावणगाव आदी गावांत पाणी शिरले, माणसे दगावली आणि सैन्यदलाची मदत घ्यावी लागली. पुनर्वसन पुरे होण्याआधीच धरणाची घळभरणी झाली, अशी गावकऱ्यांची तक्रार होती.

या प्रसंगीच्या वृत्तांतांची भाषा येथे प्रस्तुत आहे. ‘ग्रामस्थांना सुरक्षित स्थळी हलविण्यात आले’, या साच्याचे वाक्य अशा वेळी ठरलेले असते. पर्यटक येतात, भाविक जातात, मजूर स्थलांतर करतात. प्रकल्पग्रस्त मात्र हलविले जातात. येथपर्यंत येता येता माणूस क्रियापदाचा कर्ता उरत नाही, कर्म होतो. बीजें करणे, जाणे, जगायला जाणे, हलविले जाणे, अशी गतिवाचक प्रयोगांची ही उतरंड मांडली, तर ती संपत्तीच्या उतरंडीशी तंतोतंत जुळते. व्याकरणाने विषमता निर्माण केली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु विषमता अंगवळणी पडण्यास व्याकरणाचे साहाय्य झाले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

७

येथे दोन शंका उद्भवतील. पहिली अशी, की वाङ्मयप्रकार ही कल्याणकारी योजना नव्हे. ऊसतोड कामगाराला प्रवासी म्हटल्याने त्याची उचल फिटणार नाही. हे अगदी खरे आहे. तथापि संज्ञा केवळ वर्णन करत नाहीत, त्या गणनेचे नियमही ठरवितात. ज्याला प्रवासी मानले, त्याच्या मुक्कामाची, पाण्याची, स्वच्छतागृहाची आणि परतीच्या गाडीची चिंता नियोजनात येते. ज्याला मजूर मानले, त्याच्या बाबतीत या गोष्टी मालकाच्या वा मुकादमाच्या मर्जीवर राहतात. पर्यटनस्थळी निवासाची सोय नसणे ही उणीव ठरते. उसाच्या फडाशेजारी कोपी असणे ही रीत ठरते.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. सक्तीच्या प्रवासाला प्रवास म्हटल्याने त्यातील सक्ती पुसली जाणार नाही काय? दारिद्र्याला ‘भटकंती’चा वर्ख लावणे ही क्रूर थट्टा होईल. म्हणूनच नावे बदलण्याची सूचना येथे केलेली नाही. ‘जगायला जाणे’ हा शब्दप्रयोग त्याच्या ठिकाणी समर्थ आहे. त्याच्यावर ‘पर्यटन’ लादण्याचे प्रयोजन नाही. सूचना एवढीच, की स्वेच्छा हा प्रवासवर्णनाचा प्रवेश-निकष मानू नये, तिला तपासणीचा विषय करावे. कोणाचा प्रवास कितपत स्वेच्छेचा होता, हा प्रश्न गोडसेभटजींना विचारावा, तसाच तो ‘अपूर्वाई’ला आणि ‘उपरा’लाही विचारावा. असे केल्याने हौशीच्या प्रवासवर्णनाचे मोल घटणार नाही. त्याच्यामागे कोणती सामग्री उभी होती, ती दिसू लागेल. आणि आत्मकथनांतील प्रवास दिसू लागेल, तो वेगळाच.

या विवेचनातून अभ्यासकांसाठी एक काम पुढे येते. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतून शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरांतील कोणी ना कोणी या वाटांनी गेलेले असते. कोणत्या गावी गाडी थांबली, कोणत्या विहिरीवर पाणी मिळाले, कोणत्या कारखान्याच्या फडावर कोणत्या साली कोपी पडली, मूल कोठे जन्मले, याची बिनचूक स्मृती त्या घरांतील वडीलधाऱ्यांजवळ असते. ती त्यांच्याच शब्दांत लिहून घेतली, तर बोलीविज्ञानाला सामग्री मिळेल आणि प्रवासवाङ्मयाची कक्षाही रुंदावेल. सात शतकांपूर्वीच्या मराठीने एका महापुरुषाच्या मुक्कामांची स्थानपोथी लिहिली आणि दारे, दिशा, झाडे यांची नोंद ठेवली. त्या पद्धतीत भक्ती होती, तसाच एक शास्त्रीय काटेकोरपणाही होता. मुखेडहून दरवर्षी निघणाऱ्या टोळ्यांच्या मुक्कामांची अशी पोथी अद्याप कोणी लिहिलेली नाही. ती लिहिली जाईल, तेव्हा रस्ते, स्थळे आणि विषमता यांविषयीची चर्चा सरासरीच्या रकान्यातून बाहेर येऊन प्रत्यक्ष वाटेवर येईल.